कुरकुर की करकर?

मंदारचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. “अप्पा गेले,” एवढंच तो म्हणाला. माझ्या सासऱ्यांनी त्या सकाळी नेहमीसारखा चहा घेतला होता, केळीच्या वाडीत एक फेरी मारली होती, ओटीवरच्या खुर्चीत येऊन बसले होते… आणि बसल्या जागीच गेले. त्याला आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे त्यांच्या वाडीबद्दल बोलतात, शांत स्वभावाबद्दल बोलतात. मला मात्र अप्पा आठवतात ते गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी, मान एका बाजूला कलती करून उभे असलेले.

मी सांगलीकडची. लग्न होऊन किनाऱ्यालगतच्या वटार गावी आले तेव्हा घरातल्यांचं आपसातलं बोलणं मला निम्मंही कळायचं नाही. अप्पा भावांशी त्या बोलीत भरभरून बोलायचे आणि माझ्याकडे वळले की एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी, तेही सावकाश, पाहुण्याशी बोलावं तसं. दोनचार वाक्यांत आमचं बोलणं संपायचं. ते मुंबईत एका छापखान्यात मशीनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने एक छोटी पांढरी गाडी घेतली, पण ती फिरायची किती? बाजार, दवाखाना, कधी संध्याकाळी राजोडीचा किनारा. बाकी सगळा काळ ती बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठच्या शेडमध्ये उभी. एका बाजूला तळ्याची ओल, दुसऱ्या बाजूने खारा वारा. त्यामुळे न चालताच तिची दुखणी निघत.

एका रविवारी त्यांनी मला अंगणातून हाक मारली. “वैशाली, जरा चाकाशी उभी राहा. मी गाडी मागे घेतो. आवाज येतो का बघ.”

“येतोय अप्पा.”

“तो कसा येतोय? कुरकुर की करकर?”

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. मग मीही कान देऊन ऐकलं. “खर्रर्र… असा. चाक फिरेल तसा कमीजास्त होतोय.” त्यांनी ब्रेक दाबत गाडी दोनतीनदा मागेपुढे केली. “आता?” “आता नाही.” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे गंज. ब्रेकच्या डिस्कवर धरला होता, घासून गेला. न गेला असता तर काळजी होती.”

तिथून आमचा रविवारचा वर्गच सुरू झाला. सकाळी इंजिन चालू केल्यावर येणारी टिकटिक तेल वर चढलं की थांबते. दमट हवेत इंजिनचा पट्टा किंचाळतो, पण गरम झाला की गप्प होतो. गाडी हलताना ‘ठक्’ झालं तर हँडब्रेक लावून ठेवल्यामुळे मागचा ब्रेक चिकटला होता असं समजायचं. मग तेव्हापासून हँडब्रेक न लावता गाडी गिअरमध्ये आणि चाकामागे वीट. एकदा मी ‘फडफड’ सांगितली तर पंख्यापाशी केळीचं वाळकं पान निघालं. अप्पा इतके हसले की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. आम्हाला बोलायला भाषा सापडली होती. अप्पा मला शिकवताहेत, या समजुतीने मी मनातून फुलून जायचे.

मग कामणला एका नात्यातल्या साखरपुड्याला निघालो. गाडी अप्पा चालवत होते, शेजारी मी, मागे आई. चिंचोटीच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून बारीक, धारदार आवाज यायला लागला. सुरी दगडावर घासावी तसा. अप्पा विचारतील म्हणून मी थांबले. ते आपले छापखान्यातला कुठला तरी किस्सा रंगवून सांगत होते. आवाज वाढला. रस्त्याकडेची माणसं वळून बघायला लागली. मागून आई म्हणाल्या, “अहो, हे काय किंचाळतंय?” अप्पांचा किस्सा चालूच.

“अप्पा, आवाज येतोय…”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कुठला?”

त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून चाकाजवळ तळवा नेला आणि चटकन मागे घेतला. ब्रेक अर्धवट दाबलेलाच अडकून बसला होता. आतलं सगळं झिजून लोखंडावर लोखंड घासत होतं. मेकॅनिक येईपर्यंत आई सावलीला बसल्या आणि आम्ही दोघं गाडीपाशी उभे राहिलो.

“बारीक आवाज गेले माझे,” अप्पा म्हणाले. “छापखान्यातच गेले. जाडे येतात अजून. इंजिनची घुमघुम येते… बाकीचं मी तुझ्या कानांनी ऐकत होतो.”

“घरी का नाही सांगितलंत?”

“मंदारने किल्ली काढून घेतली असती.” त्यांनी चाकाकडे पाहिलं. “घ्यायलाच हवी होती. गाडीत तुम्ही दोघी असता.”

दुरुस्ती झाल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडे लायसन्स होतं, पण मोठ्या रस्त्यावर चालवायचा धीर कधी झाला नव्हता. मी घाबरत, हळूहळू गाडी घरी आणली. अप्पा डॅशबोर्डवर तळवा टेकून बसले होते. रात्री जेवताना त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, “आजपासून गाडी वैशाली चालवेल. मला नीट ऐकू येत नाही.” मंदारचा घास हातातच राहिला. आई मात्र शांतपणे वाढत म्हणाल्या, “मला संशय होताच. हल्ली मी काहीही बोलले तरी हो म्हणता.”

मंदारने कानाचं यंत्र आणून दिलं. ते अप्पा बातम्यांपुरतं लावायचे. एरवी त्यात सगळंच ओरडतं म्हणून काढून ठेवायचे. रविवारी आम्ही राजोडीला जायचो. आता ते उघडपणे विचारायचे, आणि नुसतं गाडीचंच नाही. “सुरूंमध्ये वारा कसा वाजतोय? कुठला पक्षी बोलतोय?” मी माझ्या परीने सांगायचे, ते शब्द दुरुस्त करायचे. एकदा ओटीवर बसल्याबसल्या त्यांनी हळूच विचारलं, “ही आत काय गुणगुणतेय गं?” मी कान दिला आणि आईंच्या गाण्याची ओळ त्यांना सांगितली. पुढची ओळ अप्पांनी स्वतःच म्हटली.

ते गेल्यापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता. परवा आईच म्हणाल्या, “चल, जरा जाऊन येऊ.” आणि नेहमीसारखं मागे न बसता पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. वाडीतून बाहेर पडलो तसा खालून आवाज सुरू झाला. धब… धब… धब…

“कसला आवाज आहे हा?” आईंनी विचारलं.

“खूप दिवस एका जागी उभी होती ना आई. टायर खालून बसलेत. चालत राहिली की होतील सरळ.”

आईंनी मान हलवली आणि ऐकत राहिल्या. किनारा जवळ यायला लागला तसा आवाज कमी होत होत गेला. सुरूची झाडं दिसल्यावर मी नेहमीच्या जागी थांबण्यासाठी वेग कमी केला, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“इतक्यात थांबू नकोस,” त्या म्हणाल्या. “अजून थोडी पुढे ने.”