थांबवलेलं इंजेक्शन

माझ्या थोरल्या जाऊबाई गाडी चालवायला शिकवतात. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्याच हाताखालून रस्त्यावर आली आणि सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणतात. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो आणि ताईंचा पाय कायम त्याच्यावर. सवय इतकी अंगात मुरलेली की दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्या तरी वळण आलं की पाय दाबला जातो. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला तरी तेच. मी धाकटी जाऊ. ताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दुकानात पुढच्या टेबलावर बसून फोन घेते, शिकणाऱ्यांच्या वेळा लावते. स्वतः दोनदा शिकायला बसले आणि दोन्हीदा रडत उतरले, तेव्हा टेबलच बरं.

एका जागी बसणं ताईंना कधी जमलंच नाही. मधे पाच मिनिटं मिळाली तरी फडकं घेऊन गाडीच्या काचा पुसायच्या. त्यामुळे डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा आम्हाला आजारापेक्षा जास्त काळजी वाटली ती याची, की या बाईला पलंगावर ठेवायचं कसं? पण केमोनं ठेवलं. लाल रंगाच्या औषधाच्या बाटल्या चढल्या, मग ऑपरेशन झालं, मग शेक, म्हणजे रेडिएशन. केस गेले, नखं काळी पडली, आणि तरी ताई टोपी घालून दुकानात यायच्याच.

त्यानंतर राहिलं एक इंजेक्शन. त्यांची गाठ ज्या जातीची होती तिच्यावरच चालणारं, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. ताईंचा या इंजेक्शनवर फार जीव. "बाकी सगळं घाव घालणारं होतं गं," त्या म्हणायच्या, "हे पहारा देणारं आहे." त्याबरोबर दर तीन महिन्यांनी हृदयाचा एको काढायचा. हृदयाचा कशाला, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. ते लाल औषध आणि हे इंजेक्शन, दोन्ही काहींच्या हृदयाला त्रास देतात, म्हणून लक्ष ठेवायचं. आम्ही माना डोलावल्या. पण कॅन्सर घरात असताना हृदयाकडे कोण बघतं?

एकदा इंजेक्शनसाठी नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "माझ्या बहिणीचा एको बिघडला आणि हे इंजेक्शन बंदच केलं की हो त्यांनी. मधेच." ताईंनी विचारलं, "मग?" तेवढ्यात त्या बाईंचं नाव पुकारलं आणि त्या उठून गेल्या. तो "मग?" ताईंच्या मनात तसाच अडकून राहिला. मला मात्र हे पुष्कळ उशिरा कळलं.

पुढच्या एकोची तारीख आली तेव्हा ताईंनी माझ्याच टेबलावरून दवाखान्यात फोन लावला. "मी गावाला चाललेय, नंतरची तारीख द्या."

"कुठल्या गावाला?" मी विचारलं.

"तू गप्प बस."

मला वाटलं, दवाखान्याला कंटाळल्या असतील. कोण कंटाळणार नाही?

मग कोरडा खोकला सुरू झाला. ताई म्हणाल्या, धूळ. दुकानाचं शटर वर ढकलताना मधेच थांबायला लागल्या. म्हणाल्या, शटरला तेल हवं. मी तेल घातलं. एक दिवस भाऊजी मान वाकडी धरून आले. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान, पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीला "बरं" म्हणतात. मी विचारलं, मानेला काय झालं? तर म्हणाले, "माझी उशी हिनं घेतली. आधी एक घेतली, आता दुसरीही. बसल्यासारखी झोपते. विचारलं तर म्हणते, केमोनं पाठ गेली." मी हसले. भाऊजीही मान न हलवता हसले. आडवं झालं की ताईंना दम लागतो, हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

त्या सुमारास गणिताच्या बाई शिकायला यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर मुलांना धाक दाखवलेला, आणि आता क्लच सोडताना स्वतः डोळे मिटून घ्यायच्या. त्या दिवशी ताईंनी त्यांना वाचनालयाच्या चढावर नेलं. चढावर गाडी थांबवून परत पुढे घ्यायची, मागे घसरू द्यायची नाही, हा धडा. गणिताच्या बाईंनी क्लच भसकन सोडला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे निघाली. ब्रेक ताईंनी मारायचा. पण नेमका तेव्हाच खोकल्याची उबळ आली होती, ताई पुढे वाकलेल्या, आणि पाय सुजलेला म्हणून चप्पल काढून ठेवलेली ती पेडलखाली सरकलेली. ब्रेक लागला, पण गाडी दिव्याच्या खांबाला टेकल्यावर. मागचा लाल दिवा फुटला. बाबागाडी ढकलत चाललेली एक बाई जेमतेम पलीकडे पोचली होती. तिनं वळून शिव्या दिल्या, त्या ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतल्या.

गाडी दुकानात आणली ती कशी, देव जाणे. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "चूक माझी, दिव्याचे मी देते." ताई खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे बसल्याच. काचा पुसायला उठल्या नाहीत. तेव्हा मला खरी भीती वाटली. गणिताच्या बाईंनी खाली वाकून ताईंच्या घोट्याजवळ बोटानं दाबलं. खळगा पडला, आणि बोट काढलं तरी भरेना.

"हे कधीपासून?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरेच दिवस झाले. चालताना दम लागतो. झोपले की जास्त. सांगितलं असतं तर इंजेक्शन बंद केलं असतं त्यांनी." आणि मग, "ती बाबागाडी बघितलीस ना?"

मी कुठून बघणार, मी टेबलावर होते. पण ताईंना मात्र ती पुढे कित्येक दिवस दिसत राहिली.

त्याच दुपारी गेलो. एको झाला. हृदयाचे डॉक्टर तरुण होते, पडद्यावरचं फडफडणारं हृदय दाखवत म्हणाले, "हा पंप आहे. भरलेल्या रक्तातलं दर ठोक्याला किती बाहेर ढकलतो, ते आम्ही मोजतो. उपचारांआधी तुमचं साठ टक्के होतं. आता बेचाळीस."

"शंभर हवं ना?"

"शंभर कुणाचंच नसतं. साठ म्हणजे उत्तम."

"म्हणजे पहिल्या वर्गातून काठावर," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आमच्यासमोरच कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दोघं बोलत होते आणि ताई एकदा फोनकडे, एकदा पडद्याकडे बघत होत्या. खाली त्यांचा पाय फरशी दाबत होता. मग फोन ताईंच्या हातात दिला. पलीकडून डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतंत. आता इंजेक्शन थांबवू. बंद करत नाही, थांबवतोय. दोन्हींत फरक आहे."

"तो फरक मी रोज शिकवते," ताई म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे सरकवला.

सूज उतरायची गोळी, हृदयाच्या दोन गोळ्या, मीठ कमी, रोज सकाळी वजन. महिन्याभरानं पुन्हा एको. हृदय सावरलं तर इंजेक्शन परत सुरू. या कारणानं उतरलेलं हृदय बऱ्याचदा सावरतं, असं डॉक्टर म्हणाले. ताईंनी त्यातलं "बऱ्याचदा", म्हणजे नेहमी नाही, तेवढं घरी आणलं.

सूज चार दिवसांत उतरली, खोकला गेला, भाऊजींना एक उशी परत मिळाली. पण ताईंचं डोकं ठिकाणावर नव्हतं. शिकवायला बंदी होती. काही शिकणारे पुलापलीकडच्या दुसऱ्या शाळेत गेले, काही थांबले. ताई दुकानात यायच्या, बसायच्या, उठायच्या, शटरपर्यंत जायच्या, परत यायच्या. बोलता बोलता त्यांचा हात काखेत जायचा आणि बोटं चाचपत राहायची. मी बघतेय म्हटलं की हात खाली. पाच मिनिटांनी पुन्हा.

"पहाऱ्यावर कुणी नाही गं आता," एकदा म्हणाल्या. "दार सताड उघडं."

मी म्हटलं, "आधीची इंजेक्शनं घेतलीच आहेत की तुम्ही."

"तू डॉक्टर झालीस का?"

आम्ही भांडलो त्या दिवशी. मी म्हटलं, तुम्ही लपवलंत म्हणून ही वेळ आली. बोलून गेले आणि जीभ चावली. ताई उठून निघून गेल्या. मला वाटलं घरी गेल्या, तर भाऊजींचा फोन: घरी नाहीत. त्या थेट दवाखान्यात जाऊन बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "पूर्ण नको. अर्धं द्या." त्यांनी शेजारी बसवून घेतलं. म्हणाल्या, "कॅन्सर परत येण्याची भीती मलाही आहे. पण हृदय थकलेलं असताना हे दिलं तर कॅन्सरची वाट बघायचीही गरज उरणार नाही." हे ताईंनीच मला परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा रडल्या. भाऊजी दारात उभे होते. ते "बरं" म्हणाले नाहीत. आत आले, फडकं घेतलं आणि ताईंच्या गाडीच्या काचा पुसायला लागले. चुकीच्या बाजूनं पुसतात म्हणून ताई त्यांच्यावर ओरडल्या, तेव्हा कुठे आम्हाला हायसं वाटलं.

पुढच्या एकोला मी आत होते. अंधारी खोली, छातीवर गार जेली, आणि मशीन चालवणारी मुलगी तोंडातून शब्द काढेना. ताई दर मिनिटाला, "किती?" ती म्हणे, "डॉक्टर सांगतील." "तुम्हाला दिसतंय ना? मग सांगा की!" शेवटी ती वैतागून म्हणाली, "मावशी, हलू नका, नाहीतर चुकीचं येईल." मग मात्र ताई दगडासारख्या पडून राहिल्या.

एक्कावन्न.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. वर्ष पूर्ण व्हायला उशीर झाला, पण झालं. शिकवणंही सुरू झालं, एकेक तास वाढवत. साठ मात्र परत आलं नाही. त्रेपन्नावर गाडी थांबली आहे. गोळ्या चालूच. लाल औषधाचा आणि डाव्या बाजूच्या शेकाचा परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो, म्हणून दरवर्षी एको, हे डॉक्टरांनी सांगितलंय. ताईंना ते "दरवर्षी" आवडलेलं नाही.

परवा वार्षिक एकोला गेलो होतो. तिसरा मजला. मी लिफ्टपाशी थांबले, ताई जिन्याकडे वळल्या. वर पोचले तर त्या कठडा धरून येत होत्या. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या, तोंड बंद ठेवून.

"ऐक," म्हणाल्या. "लागलाय का मला दम?"

मी कान दिला. "थोडा."

"थोडा म्हणजे कुणालाही लागेल तेवढा, की जास्त?"

"मला काय माहीत? मी लिफ्टनं आले."

"मग खाली जा आणि जिन्यानं ये."

"ताई, नंबर येईल आपला."

"येऊ दे."

मी खाली गेले आणि जिना चढून आले. दुसऱ्या मजल्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहिले, मग उरलेल्या पायऱ्या चढले. वर आम्ही दोघी समोरासमोर उभ्या, मी धापा टाकतेय, आणि ताई माझ्या छातीकडे टक लावून बघताहेत.

"माझ्यापेक्षा तुला जास्त लागतोय," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता की काळजी, कळेना. तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं.