तात्यांची जादाची भाकरी

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरवळला, नव्या कंपनीच्या गेटवर होतो. थकलेल्या पगाराचा शेवटचा हप्ता अजून यायचा होता, आणि जुन्या मालकांकडून तो काढायची हातोटी एकट्या तात्यांकडं...

आमची जुनी कंपनी आमचे पगार थकवूनच बंद पडली. मलकापूरचे तात्या तिथले मुकादम. साताऱ्याला कामगार कार्यालयात तारीख असली की आम्ही कागद न्यायचो, तात्या फडक्यात बांधून भाकरी आणि खर्डा न्यायचे. तेही स्वतःसाठी नाही! दुपारी सुट्टी झाली की थेट मालकांसमोर फडकं सोडायचे. "आवं, दोन घास घ्या की." मालक दर वेळी हात जोडायचे, "पोट भरलंय, तात्या." आमची माणसं चिडायची. ज्यानं तोंडचा घास काढला त्यालाच भरवायचं? मलाही हे कोडं सुटेना. एकदा परतीच्या एसटीत विचारलंच.

"गड्या, इतकी वर्सं आपण त्याचं मीठ खाल्लं. आता त्यानं आपलं खाऊ दे. बुडवायचं मनात आसंल तर घास उचलायचा न्हाई. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, त्यालाबी ठावं हाय."

मला हसू आलं. कोर्टकचेरीच्या जमान्यात हे काय खूळ! पण पुढं एका तारखेला बोलणी लांबली, दुपार टळली आणि मालकांनी तुकडा मोडला. खर्ड्यानं नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तरी भाकरी खाल्ली. त्याच दिवशी तडजोडीवर सही झाली, थकलेला पगार तीन हप्त्यांत द्यायचा. आता वकिलानं त्यांना आधी काय समजावलं होतं, देव जाणे... भाकरीचा वाटा किती, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन हप्ते वेळेवर आले. तिसरा तटला, आणि तात्यांना मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ते घरी आलेच नाहीत. लय जिवाला लागलं.

गेल्या आठवड्यात मालक तात्यांच्या घरी भेटायला आले. मीही होतो. त्यांनी फोटोला हार घातला, डोळे पुसले, तात्यांविषयी चांगलं बोलले. मी हप्त्याचा विषय काढला तर म्हणाले, "देऊ की, बघू." तात्यांच्या बायको, आमच्या वहिनी, उठून आत गेल्या आणि ताटलीत भाकरी-खर्डा घेऊन आल्या. मी मालकांच्या हातांकडं बघत राहिलो.

हात जोडले गेले. "पोट भरलंय, वहिनी."

गाडी वळणाआड गेली तसं वहिनींनी खुंटीवरचं तात्यांचं फडकं काढलं, झटकलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं.

"भावजी, तारीख घ्या. भाकरी मी देते करून."