शेवटी चिकटवलेला सी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा डिफरन्शियल इक्वेशन्सचा पेपर मला शिकवायला मिळाला, तेव्हा मी कॉलेजात सगळ्यांत नवी होते आणि गणित विभागात एकटी बाई. विभागप्रमुख म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. मुलं जुमानत नसतील, तर पेपर मी परत घेईन." माझं डोकंच फिरलं. एम.एस्सी.ला याच विषयात मी जीव ओतला होता, आणि हे म्हणे बघू!

तुकड्या दोन, एक त्यांची आणि एक माझी. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, की अख्खा वर्ग एकच चूक करतोय. इंटिग्रेशन करायचं, लॉग काढून टाकायचा, आणि उत्तर तयार झालं की आठवण होऊन शेपटाला 'अधिक सी', म्हणजे इंटिग्रेशनचा स्थिरांक, चिकटवायचा. मी लाल रेघा मारून थकले. एक दिवस भिवापूरकडचा एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, सी आखरीले टाकला तर काय बिघडते? तिथंच काहून टाका लागते?"

वर्ग हसला, तो त्याच्या गावाकडच्या बोलण्याला. मला नाही हसू आलं. माझ्या घरचीही भाषा तीच. नोकरीच्या इंटरव्ह्यूपासून मी ती झाकून ठेवली होती. त्या दिवशी म्हटलं, गेलं उडत.

"खोलीवर स्वयंपाक कोण करते गा?"

"मीच."

"भाजीत मीठ कधी टाकतं?"

"शिजतानी."

"अन् विसरला, मंग ताटात वरून टाकलं तर?"

"मुरत नाही ना मॅडम. वरच्यावर राहते."

"मंग सीले बी मुरू दे ना!"

त्याचं उत्तर मी त्यालाच मूळ समीकरणात घालून बघायला लावलं. बसेना. मग इंटिग्रेशनच्याच ओळीत सी लिहिला. लॉगमधून बाहेर पडताना तो गुणाकारात जाऊन बसला आणि समीकरण चोख जुळलं. "हाव ना!" पोरगं एवढ्या जोरात ओरडलं, की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

तेव्हापासून माझ्या तासाला कुणीही, कुठल्याही ओळीवर 'काहून', म्हणजे 'का', विचारावं, असा रिवाजच पडला. गलका व्हायचा, पण गणिताचा.

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी विभागप्रमुख आपल्या वर्गावर गेले, तर निम्मी बाकं रिकामी. शोधत आले आणि आपली मुलं माझ्या वर्गात दाटीवाटीनं बसलेली बघून दारातच थबकले. गेला पेपर, म्हटलं. फळ्यापाशी तोच भिवापूरकडचा मुलगा होता. मागून कुणीतरी त्याला 'काहून' विचारलं आणि तो न अडखळता समजावून सांगू लागला. सर घंटा होईपर्यंत दारात उभे राहिले.

स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "माझी तुकडीही तुम्हीच घ्या. जमेल?"

अशा वेळी 'छे सर, तुमच्यासारखं मला कुठलं यायला' असं म्हणायचं असतं. मी "जमेल" म्हटलं. त्या एका शब्दाचा मला माझ्या पदवीपेक्षाही जास्त अभिमान वाटतो.