खाडी हीच बाउंड्री

बाबा आमच्याकडे पनवेलला राहायला आले ते साल दोन हजार आठ किंवा नऊ असावं. मुंबईत नोकरी सांभाळून त्यांनी तीसेक वर्षं रविवारच्या क्लब सामन्यांत पंचगिरी केली होती. टेनिस बॉलच्या क्रिकेटला ते क्रिकेट मानतच नसत. त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिच्या गावच्या टूर्नामेंटला बोलावलं, तेव्हा ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण "आमच्याकडे बॉल खाडीत पडला की सिक्सर," असं तिनं सांगितलं आणि बाबा म्हणाले, "हा काय प्रकार आहे, बघू तरी."

मैत्रीण उरणकडच्या कोळ्यांची. कंटेनरच्या गाड्यांमागे रखडत आमची एसटी पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. मैदान खाडीला लागूनच. तीन बाजूंना चुन्याची रेघ, चौथ्या बाजूला रेघच नाही; तिकडे पाणी हीच बाउंड्री. पाण्यात एक छोटी होडी आणि तिच्यात लांब दांड्याची जाळी घेऊन बसलेले एक म्हातारे कोळी. बॉल पाण्यात पडला की ते जाळीनं उचलून मैदानात फेकत, आणि फलंदाजापेक्षा जास्त टाळ्या त्यांना मिळत.

"बाबा, तुमी हितं बसा, ऊन लागनार नाय," म्हणत मैत्रिणीच्या आईनं ताडपत्रीखाली खुर्ची मांडली. बाबा बसले आणि पहिल्याच षटकापासून बोटांवर बॉल मोजू लागले.

त्या दिवसाचा शेवटचा सामना मैत्रिणीच्या गावाचा, शेजारच्या गावाशी. आधीचे सामने लांबले होते, तोवर ओहोटी लागली. पाणी मागे सरलं, होडी चिखलात बसली. शेवटच्या बॉलला चार धावा हव्या होत्या आणि समोर मैत्रिणीचा भाऊ. त्यानं बॉल उंच उडवला. तो थेट होडीत, म्हाताऱ्यांच्या पायाशी पडला.

गाव नाचायला लागलं. पण समोरचा कॅप्टन धावत आला. "कसला सिक्सर? पानी कुठं हाय? होडी चिखलात हाय!" पंच दोन, दोन्ही गावांचा एकेक. दोघांचं जमेना. आवाज चढले. तेवढ्यात मैत्रीण ओरडली, "यांना विचारा! हे मुंबईचे पंच आहेत, यांचं गाव ना हे ना ते."

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण बाबा उठले होते. पँट दुमडून ते चिखलातून होडीपर्यंत गेले. पाणी अजून चार पावलं लांब होतं. परत येऊन त्यांनी दोन्ही कॅप्टनना विचारलं, "खेळाआधी काय ठरलं होतं?"

"पान्यात पडला तर सहा."

"मग हा पाण्यात पडलेला नाही. आणि होडी काही खेळाडू नव्हे, म्हणजे बॉल डेड. बॉल पुन्हा टाका."

ज्यांच्या घरचा चहा सकाळपासून पीत होतो त्यांच्याच विरुद्ध निकाल! बॉल पुन्हा टाकला गेला. भावानं जोरात बॅट फिरवली आणि मधला स्टंप उडाला.

घामानं निथळत तो सरळ आमच्याकडेच आला. "बाबा, निकाल बरोबर दिला तुमी. पन माजा सिक्सर खाल्लात."

"पुढच्या वेळी आणखी चार पावलं लांब मार," बाबा म्हणाले. तो हसला आणि त्यांचा हात धरून जेवायला घरी घेऊन गेला.

तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण होतं. बाबांनी मागून घेऊन खाल्लं. जेवता जेवता शेजारच्या गावचा कॅप्टनही येऊन टेकला. पुढच्या रविवारी फायनल होती आणि त्याला बाबाच पंच हवे होते. मैत्रिणीच्या आईनं परस्पर सांगून टाकलं, "येतील ते. न्यायला मानूस पाठवा."

त्या हिवाळ्यात घरचा फोन वाजला आणि मी उचलला की पलीकडून कुणीतरी विचारी, "पंच हायेत का घरात?" मी हाक मारायच्या आत बाबा चष्मा शोधत बाहेर आलेले असत.