पहिलीच्या लामदुआनबाई

लामदुआनबाई आमच्या शाळेत सदतीस वर्षं पहिलीला शिकवतायत. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, घर शाळेमागच्या गल्लीत. नाव ठेवावं असं त्यांच्यात काही सापडत नाही आणि माझं पोट नेमकं तिथेच दुखतं. मी तिसरीला शिकवते. फळ्यावर काही लिहिलं की माझ्याच वर्गातली पोरं सांगतात, लामदुआनबाई असं नव्हत्या शिकवत. नऊ वर्षं हे ऐकून घेतलं. यंदा मात्र माझी स्वतःची मुलगी, बायतोई, त्यांच्या वर्गात गेली आणि मिरच्या खऱ्या झोंबल्या.

त्याआधीची अख्खी उन्हाळी सुट्टी मी तिला अक्षरं शिकवत होते. आमच्या थाई अक्षरांना डोकं असतं, एक बारीकसा गोल; लिहायची सुरुवात तिथून. बायतोई शेपटीकडून सुरू करायची. मी समजावलं, ओरडले, एकदा रागाने तिची पेन्सिल मोडली. शेवटी शेवटी तर वही दिसली की ती परसात पळायची.

जूनमधल्या त्या सोमवारी बाईंनी पोरांना एकामागे एक बसवलं आणि पुढच्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायला लावलं. पुढच्याने ते ओळखायचं. बायतोईचं उलटं अक्षर कुणालाच ओळखता येईना. मी माझ्या वर्गाच्या दारातून बघत होते. बाई तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत. चौथ्या खेपेला पोरगी आपणहून डोक्यापासून काढायला लागली. मी आत येऊन तिसरीला उगीचच वीस गणितं घातली.

मंगळवारी घरी जाताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तिने एका गाड्यावरची पाटी वाचली. भाजलेली कोंबडी. आयुष्यातलं पहिलं वाचन. मी गाडी थांबवली. शाबास म्हणायला हवं होतं, पण तोंडून निघालं, "कुणी शिकवलं?"

"लामदुआनबाईंनी. तुला कुठे येतं शिकवायला?"

पिकतं तिथे विकत नाही, हे कळत होतं. तरी त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

गुरुवारी शाळेत गुरुवंदन होतं. प्रत्येक मूल घरून केळीच्या पानाचा द्रोण सजवून आणतं. त्यात हरळी हवी, तांबडी फुलं हवीत आणि वांग्याचं फूल हवंच. ते मान खाली घालून असतं, म्हणून गुरूपुढे तेच शोभतं. त्याच्याशिवाय द्रोण अपुरा. आमच्या परसातली वांगी फुलांनी लगडली होती. बुधवारी संध्याकाळी बाई परसाच्या कुंपणापाशी उभ्या राहून माझ्याशी बोलल्यासुद्धा, बायतोई आता किती छान वाचते म्हणून. सकाळी पोरगी उठायच्या आत मी सगळी फुलं खुडली आणि राखेत पुरली. तिला सांगितलं, यंदा फुलं आलीच नाहीत. रडली थोडी. मी तिची वेणी घातली.

वंदनाला आम्ही सगळ्या शिक्षिका खुर्च्यांवर ओळीने बसलो होतो. बायतोई गुडघ्यांवर सरकत बाईंपुढे आली, जमिनीवर डोकं टेकवलं आणि द्रोण पुढे करून हळूच म्हणाली, "वांग्याचं फूल नाहीये. आई म्हणाली, यंदा आलीच नाहीत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "खरंय. ऊन फार होतं यंदा," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही नाही आली."

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी मेल्याहून मेल्यासारखी बसले होते.

दुपारी त्यांच्या वर्गात गेले. त्या फळा पुसत होत्या. दारातूनच सांगून टाकलं, "ताई, फुलं होती."

"माहीत आहे. काल मी बघितली ना."

"मग मला उघडं का नाही पाडलंत?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "रोज चार वाजता मी हे दार उघडते. पोरं आयांकडे धावतात. सदतीस वर्षांत एकानेही मागे वळून बघितलेलं नाही. तुला काय वाटलं रच्नी, जळता फक्त तुलाच येतं?"

त्यांनी पुन्हा फळा पुसायला घेतला.

चार वाजता घंटा झाली. दार उघडलं आणि बायतोई चपला न घालताच धावत येऊन माझ्या कमरेला बिलगली. तिच्या डोक्यावरून मला बाई दिसत होत्या. दारात उभ्या, एका हाताने कडी धरलेली.

"जा," मी बायतोईला म्हटलं, "बाईंना पुन्हा एकदा हात जोडून ये."

"सकाळी केलं की वंदन. चल ना घरी."

"जा म्हटलं ना."

ती गेली, पण पाय ओढत, दर दोन पावलांना मागे वळून माझ्याकडे बघत. खोटं कशाला सांगू, ते बघून मला बरं वाटलं.