कुठली गाय

सावेडीतल्या फ्लॅटमध्ये बसून मी लोजबान शिकतो. ही काही माणसांनी तर्काने जुळवलेली भाषा. ती बोलणारा नगरात दुसरा कुणी नाही, आणि बायकोच्या मते पहिल्याचीही गरज नव्हती. रोज कानावर पडलेलं एखादं वाक्य मी त्या भाषेत उतरवतो.

वडील गेले, त्यांनी वाढवलेली गाय आटली, तेव्हा आईने ती घोडेगावच्या बाजारात विकली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, पुढचं जनावर त्यालाच बांधायचं, ही आमच्याकडची रीत. आईने दावं आणून खुंटीला अडकवलं आणि फोनवर म्हणाली, "गोठ्यात गाय न्हाई."

मराठीत एवढं पुरतं. लोजबानमध्ये मात्र गायीआधी एक छोटा शब्द लावताना ठरवावं लागतं: बोलणाऱ्याच्या मनात एक ठरावीक गाय आहे, की कुठलीही? ठरावीक असेल तर 'ले', नाहीतर 'लो'. गोठा रिकामा, म्हणजे कुठलीच गाय नाही. मी बेधडक 'लो' लिहिलं आणि पुढच्या बाजारी दुभती गाय घेऊन टेम्पोने गावी नेली.

आईने तिला कुंकू लावलं, पाणी पाजलं. मी खुंटीवरचं दावं काढायला गेलो, तर म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. नवं आन."

आठवड्याने फोन केला. मागे नवी गाय हंबरत होती.

"आता करमतंय ना?"

"कसं करमंल बाबा," आई म्हणाली. "गोठ्यात गाय न्हाई."