वेस्ताभाऊची दोन बोटं

मिरचीच्या कारखान्यात दिवसभर काम केलं, की संध्याकाळी शर्ट कितीही झटका, शिवणीत थोडी पूड राहतेच. किश्श्यांचंही तसंच होतं. वेस्ताभाऊच्या भरपाईचा अर्ज सुरू झाल्यापासून एवढे साठलेत, की टपरीवर बसलं की सगळे मलाच म्हणतात, तू सांग, तू सोबत होतास. मी मुळात कमी बोलणारा. म्हणून लिहून काढतोय.

* * *

आधी आमचा रिवाज सांगतो. नंदुरबारच्या आमच्या कारखान्यात नवा माणूस आला, की पहिले काही दिवस नुसता शिंकत असतो. शिंका थांबेपर्यंत त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्याला ‘पाहुणा’ म्हणतात आणि मशीनजवळ फिरकू देत नाहीत.

नववीत शाळा सोडली, चार ठिकाणी हिंडलो आणि मग इथे आलो. अकरा दिवस पाहुणा होतो. बाराव्या दिवशी मुकादम आप्पा माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “शिंक थांबनी. आते सांग, तुन्हं नाव काय शे?”

* * *

वेस्ताभाऊ धडगावकडचा, डोंगरातला. नऊ वर्षं चक्कीवर. गेल्या हंगामात पट्ट्यात अडकलेलं पोतं ओढताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? सोबत आलेला मॅनेजर घाईघाईने म्हणाला, “घरी लागलं.”

वेस्ताभाऊ पांढराफटक पडला होता, तरी कोपरावर उठला. “डॉक्टरसाहेब, माझ्या घरात चूल आहे, कोंबड्या आहेत. एवढी मोठी मशीन ठेवायला जागा नाही.”

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘कारखान्यात’ असं लिहिलं आणि शब्दाखाली रेघ मारली.

* * *

पण केसपेपर पुरेसा नव्हता. मालकांनी सांगितलं, हा आमचा कामगारच नाही. कामगारांचे अर्ज भरून देणाऱ्या एक ताई आहेत. त्या म्हणाल्या, “तो तिथे कामाला होता एवढं दाखवा. ते दाखवता आलं नाही, तर हातात काहीच येणार नाही.”

हजेरी आप्पांच्या वहीत. आप्पांनी ती ताईंसमोर उघडली. लंबू. चष्मा. सारंगखेडा. धडगाव एक. धडगाव दोन. धडगाव तीन.

“आप्पा, नावं कुठे आहेत?”

“नावं कसाले? मी सगळास्ले वळखस ना.”

“यातले वेस्ता कोणते?”

“धडगाव दोन.”

“हे सुनावणी घेणाऱ्या साहेबांना कसं कळणार?”

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नवी वही आणली आणि प्रत्येकाला आडनावासकट विचारत फिरले. तेव्हा आम्हाला कळलं, लंबूचं नाव वामन आहे.

* * *

अर्जावर अंगठा चालला असता. पण वेस्ताभाऊ म्हणाला, “एवढं चाललंय, तर सही करू.” मी त्याला टपरीवर रिकाम्या बिडीबंडलाच्या कागदावर नाव गिरवायला शिकवलं. डाव्या हाताने. मी आपलं धीर द्यायला म्हटलं, जमेल हळूहळू, डावा हात आहे.

“मास्तर,” तो म्हणाला, “उजव्याने कधी लिहिलंच नाही. डाव्याला काय माहीत सोपं काय असतं ते?”

पाचव्या दिवशी सही जमली. त्यानंतर टपरीवरचा एकही कागद कोरा राहिला नाही.

* * *

साक्षीला कोण येणार, हा प्रश्न निघाला आणि सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. मीही. मालकांच्या विरोधात बोलायचं म्हणजे उद्याचं काम गेलं.

सुमनअक्का आमच्याकडे मिरचीची देठं खुडतात. ढिगाऱ्यामागून त्यांचा आवाज आला. “मन्हं नाव लिख रे.”

मी म्हटलं, “अक्का, काम जाईल.”

“काम गयं ते दुसरं भेटी. मन्ही बोटं ते शेतस ना.” अक्कांनी दोन्ही हातांची दहाही बोटं वर करून दाखवली.

मी त्यांचं नाव लिहिलं. मग त्याच्याखाली माझं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

* * *

सुनावणीच्या दिवशी वेस्ताभाऊ, अक्का, मी आणि जुनी वही घेऊन आप्पा, असे चौघे एका बाकावर बसलो. वही आणायला मालकांनीच सांगितलं होतं. तिच्यात वेस्ताचं नाव नाही, हे त्यांना माहीत होतं.

मालकांचे वकील उभे राहिले. “साहेब, हा माणूस कामगार नव्हताच. कोणाला तरी भेटायला पाहुणा म्हणून आला होता. गंमत म्हणून मशीनला हात लावला.”

वेस्ताभाऊने तीन बोटांचा उजवा हात मांडीवरून उचलून पोटाशी धरला.

साहेबांनी वही मागितली. वर्षानुवर्षं मिरचीच्या पोत्यांवर पडलेली वही. पानं चिकटली होती, म्हणून आप्पांनी रोजच्या सवयीने ती टेबलावर दोनदा आपटली.

आधी शिपायाला शिंक आली. मग वकिलांना, चार. मग साहेबांना. शेवटी मालकांनाही, कारण कारखान्यात त्यांची केबिन काचेची आहे आणि दार कायम बंद असतं. बराच वेळ कोणालाच धड बोलता येईना.

साहेबांनी रुमालाने डोळे पुसले, पेन हातात घेतलं आणि त्यांची नजर आमच्या बाकावर गेली. आम्ही चौघं आपले शांत बसलेलो.

“तुम्हाला कोणालाच शिंक येत नाही?”

वेस्ताभाऊ उभा राहिला.

“आम्हाला नाही येत, साहेब. पाहुण्यांना येते.”